चपला उलटून बघणारा माणूस

माझ्या वडिलांच्या पाठीला हात लावायला ते नाही म्हणाले, त्या दिवशी माझी खात्रीच झाली की हा माणूस भोंदू आहे. तोपर्यंत नुसता संशय होता.

संशयाची सुरुवात चपलांपासून झाली. बोईसरच्या बाजारात एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर आमचं एक्स-रे सेंटर, आणि मी तिथली टेक्निशियन. वरची खोली बरेच महिने रिकामी पडून होती, ती यांनी भाड्याने घेतली. दारावर ना पाटी, ना नाव, ना डिग्री. तरी महिन्याभरात जिन्यावर चपलांची रांग लागायला लागली. एकदा दिवे गेले म्हणून मी वर मीटर बघायला गेले, तर हे गृहस्थ वरच्या पायरीवर उकिडवे बसून लोकांच्या चपला एकेक उचलून उलट्या करून बघत होते. साठीच्या आसपासचं वय, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, चष्मा कपाळावर चढवलेला.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"नाही, सापडतंय," ते म्हणाले आणि पुढची चप्पल उचलली.

मी खाली येऊन आमच्या रिसेप्शनच्या मुलीला सांगितलं, आपल्या चपला आतच ठेवत जा गं.

ते ऑस्टिओपॅथीचे उपचार करतात असं पुढे कळलं. म्हणजे गोळी नाही, सुई नाही, नुसता हात. बोईसरच्या लोकांना तो शब्द झेपला नाही आणि त्यांनी यांना 'हाडवाले' करून टाकलं. ते चिडायचे. "हाडं बसवणारा वेगळा. मी हाडं बसवत नाही. मी माणूस बघतो." आता माणूस तर पानवालाही बघतो. त्याचे कोणी पैसे घेतं का?

त्यांच्या खोलीत एक रेक्झिनचं टेबल होतं आणि खिडकीला सुरमईचा अख्खा कणा तारेत ओवून टांगलेला होता. डोकं दुखतं म्हणून आलेल्या सातपाटीच्या कोळणीने तो दिला होता म्हणे. तिच्या डोक्याला यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही, घोटाच चोळत बसले. पेशंट आला की ते त्या कण्याची शेपटी बोटाने हलवायचे आणि वरचं टोक हललेलं दाखवायचे. "इथे धक्का, तिथे हालचाल. मग दुखणं काय घरातल्या घरात राहणार?" कावळे त्या कण्यासाठी खिडकीवर चोची मारायचे, आणि तो आवाज आमच्या डार्करूममध्ये ऐकू यायचा. डार्करूम आता नावाचीच. सगळं कॉम्प्युटरवर आलं, तरी आम्ही तिला तेच म्हणतो.

पेशंटला काय होतंय हे ते आधी विचारायचेच नाहीत. अनवाणी चालायला लावायचे, पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग श्वास घे म्हणायचे, आणि बरगडीवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. कधी कधी माणसाला झोपवून त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरायचे आणि वीस-वीस मिनिटं तसेच बसायचे. मी एकदा दारातून पाहिलं. मला वाटलं, दोघंही झोपलेत.

मशीन शॉपमधला एक बिहारी कामगार गुडघ्यासाठी यायचा. तो जिन्यात माझ्याकडे तक्रार करत होता. "मैडम, घुटना मेरा दुखता है और उस्ताद पसली दबाते हैं." तेवढ्यात वरून आवाज आला. "घुटना चिल्ला रहा है, बेटा. मारनेवाला दूसरा है." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मराठी पेशंटला मराठीत, हिंदी पेशंटला हिंदीत: ओरडणारा वेगळा, मारणारा वेगळा. तो कामगार पुढे जिना धडाधड उतरायला लागला हे खरं. पण गुडघा काय, आपोआपही बरा होतो.

आणि गंमत म्हणजे तेही हेच म्हणायचे. "मी बरं करत नाही. शरीर बरं करतं. मी फक्त मध्ये आलेलं बाजूला करतो." मला हे वाक्य फार सोयीचं वाटायचं. बरं झालं तर याच्याकडे रांग लागणार, नाही झालं तर शरीराने केलं नाही! एखाद्याला फरक पडला नाही तर ते सरळ सांगायचे, "मला जमलं नाही. डॉक्टरकडे जा." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला प्रामाणिक म्हटलं असतं. यांच्या बाबतीत मला त्यातही डाव दिसायचा.

भिंतीवर फ्रेममध्ये परदेशी भाषेतला एक कागद होता. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढायला गेले, तर ते स्वतःच फ्रेम खाली काढून माझ्यासमोर धरून उभे राहिले. "नीट काढा. हे सरकारचं नाही, एका शाळेचं आहे. आपल्याकडच्या कायद्यात मी कुठेच बसत नाही, म्हणून मला डॉक्टर म्हणू नका." चोराने स्वतःच्या हाताने कुलूप दाखवावं तसं वाटलं मला.

त्याआधी ते तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. पंप, गिअरबॉक्स, कन्व्हेयर, असली कामं. फिटरचा हाडवाला कसा झाला, याचे त्यांच्याकडे तीन किस्से होते. एका पेशंटला ते सांगायचे, मी उंचावरून पडलो आणि एका गोऱ्या बाईने मला उभं केलं. दुसऱ्याला सांगायचे, मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरची बायको हे शिकवायची. तिसऱ्याला, की आईची मान धरली होती. मी तिन्ही किस्से डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. खोटं बोलणारा माणूस एकच गोष्ट तीनदा तशीच सांगू शकत नाही, एवढं मला कळत होतं.

पण पंपाबद्दल बोलायला लागले की मी कामं सोडून ऐकायचे, हे कबूल करते. "पंप थरथरला तर नवा फिटर पंप उघडतो," ते म्हणायचे. "जुना फिटर पायाचे बोल्ट बघतो. पाइप कुठे ताणलाय बघतो. शाफ्ट सरळ नसेल तर बेअरिंग कितीही बदला, पुन्हा जाणार. आकार बिघडला की काम बिघडतं, आणि चुकीचं काम करत राहिलं की आकारही बिघडतो."

"माणूस काय पंप आहे?" मी एकदा विचारलं.

"नाही ना. पंप रात्रभर बंद ठेवला तर सकाळी तसाच बिघडलेला असतो. माणूस झोपून उठला की थोडा दुरुस्त झालेला असतो. एवढाच फरक आहे, पण तोच सगळा धंदा आहे."

माझं आणि त्यांचं खरं भांडण होतं चिठ्ठ्यांवरून. ते पेशंटला एक्स-रेसाठी खाली पाठवायचे, पण डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय मी काढत नसे. आणली, तरी तिच्यामागे पेन्सिलने यांचं एक वाक्य असायचंच: 'मोठा फोटो.' आता आमच्या मशीनला दोन बटणं असतात. ती फिरवली की पेशंटच्या अंगावर पडलेली उजेडाची चौकट लहानमोठी होते. जेवढी चौकट, तेवढाच फोटो, आणि तेवढेच किरण. चौकट जितकी लहान, तितकी टेक्निशियन शहाणी, हे मला शिकवलं गेलं होतं आणि ते बरोबरच आहे. माझी चौकट नेमकी म्हणून पालघरपर्यंतचे डॉक्टर माझं नाव काढायचे. आणि हा माणूस मला सांगणार, मोठा फोटो! त्याला यात काहीतरी मिळत असणार, अशी मला शंका होती. मी आमच्या मालकांना विचारलं. काही मिळत नव्हतं. मग तर मला जास्तच संशय आला.

त्या वर्षी भाताची कापणी झाल्यावर माझे वडील कंबर धरून बसले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. माकुणसारला आमची वाडी आहे, नारळ, केळी आणि थोडी पानवेल. सत्तरी ओलांडली तरी दादा पाटाचं पाणी स्वतः वळवायचे. मी त्यांना बेटेगावला माझ्याकडे घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून सेंटरवर फोटो काढला. "इथंच दुखते गो बाय, इथंच," असं म्हणत त्यांनी करगोट्याखाली बोट रोवलं. मी बटणं फिरवली, चौकट त्या बोटाभोवती नीट बसवली आणि फोटो काढला. इतका स्वच्छ आला की मी स्वतःवरच खूश झाले. रिपोर्ट आला, वयोमानानुसार झीज. वयोमानाला काय करणार!

गोळ्या घेऊन आठ दिवस झाले, तरी फरक नव्हता. मी त्यांना पुन्हा सेंटरवर आणलं आणि बाकावर बसवून आत एका मुलाच्या हाताचा फोटो काढायला गेले. बाहेर आले तर दादा जिन्यावरून एकेक पायरी उतरत होते. चेहरा पडलेला, हातात चिठ्ठी.

"तुमी वर कशाला गेलेले?" मी ओरडलेच.

"सगल्यांना धरतो ना तो. मला म्हनला, तुमच्या पाठीला मी हात लावनार नाय." दादांचा आवाज दुखावलेला होता. "माझा काय गुन्हा गो बाय?"

चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलं होतं: 'कंबरेच्या वरचा फोटो. मोठा. लवकर.'

मी तशीच वर गेले. ते खिडकीपाशी उभे होते, चष्मा कपाळावर.

"माझ्या वडिलांना का परत पाठवलंत?"

"आज हात लावणं बरोबर नाही. आधी फोटो काढा."

"काढलाय मी. काही नाहीये त्यात."

"कुठला काढला?"

"दुखतं तिथला. आणखी कुठला काढणार?"

"मग दुखत नाही तिथला काढा," ते म्हणाले. "त्यांच्या डाव्या चपलेचं पुढचं टोक घासलंय. घासलेलं नवीन आहे. पाय उचलला जात नाहीये त्यांचा. वरून नुसतं बोट फिरवत आलो, बरगड्या संपतात तिथे एक मणका बाहेर लागतो. संध्याकाळी अंग तापतं का विचारलं, तर हो म्हणाले. हे माझं काम नाही. आज उशीर करू नका."

दादांना ताप येतो हे मला माहीत नव्हतं. मुलीला माहीत नाही ते या माणसाला दहा मिनिटांत कसं कळलं, याचाच मला राग आला. भगत जसा आधी माणसाला घाबरवतो आणि मग त्याला हातात घेतो, तसंच हे असणार. उद्या म्हणेल, आता आठ वेळा या. मी दादांना रिक्षात बसवलं. वाटेत त्यांना तापाचं विचारलं, तर म्हणाले, उन्हातून आलो की लागते कणकण. मलाही ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. चिठ्ठी एप्रनच्या खिशात राहिली आणि रविवारी एप्रनबरोबर धुतली गेली. तिचा लगदा मी खिशातून नखाने काढला.

दादा माकुणसारला परत गेले. तीन आठवड्यांनी सकाळी भावाचा फोन आला. दादा पाटाशी पडलेत, आणि उठता येत नाहीये. लागलं नाही कुठे, पण पाय ऐकत नाहीयेत.

मी त्यांना गाडीत घालून सरळ आमच्या टेबलवर आणून निजवलं. कुणाच्या चिठ्ठीची वाट पाहिली नाही. दोन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवली, एवढी मोठी चौकट मी त्या मशीनवर कधी टाकली नव्हती. फोटो पडद्यावर आला. माझा पहिला फोटो जिथे संपला होता, त्याच्या जेमतेम चार बोटं वर दोन मणके एकमेकांत खचलेले होते, आणि दोन्ही बाजूंना पुवाची सावली. मणक्याचा टीबी. बारा वर्षं मी हे काम करतेय, मला रिपोर्टची वाट बघायची गरज नव्हती. दादा टेबलवरून विचारत होते, "झाला काय गो? उठू?" स्वतःच्या कामाची एवढी किळस मला कधीच आली नव्हती.

मुंबईला ऑपरेशन झालं. मग पट्टा, मग वर्षभराच्या गोळ्या. तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, अशा पाठीला कुणी दाबलं-बिबलं असतं, तर हा माणूस पुन्हा उभा राहिला नसता. हल्ली लोक कुणाकडेही जातात, तुम्ही नेलं नाहीत हे बरं केलंत. मी मान हलवली. दुसरं म्हणजे, तीन आठवडे आधी आला असतात तर डावा पायही पूर्ण परत आला असता. तेव्हाही मी मानच हलवली.

दादा चालायला लागेपर्यंत मी वरच्या मजल्यावर गेले नाही. जिन्यात पायरव झाला की मी आत जायचे. शेवटी एका दुपारी दोन्ही फोटो घेऊन वर गेले. ते काहीतरी बोलतील, 'सांगितलं होतं ना' म्हणतील, याची तयारी करून गेले होते. त्यांनी दुसरा फोटो बघितलाच नाही. पहिला मागून घेतला आणि खिडकीतल्या उजेडावर धरून बराच वेळ पाहिला.

"छान काढलाय," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ. कडा बघा किती नेमक्या आहेत."

मला वाटलं, टोमणा आहे. पण ते खरंच कौतुकाने बघत होते. मला तिथेच रडू फुटलं. एखाद्याने कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं.

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. कारखान्यात एक पंप आवाज करत होता. यांनी जिथे आवाज येत होता तिथलं बेअरिंग बदललं, सुंदर बसवलं, साहेबांनी पाठ थोपटली. पायाचा एक बोल्ट सैल होता, तो यांनी बघितला नाही. आठव्या दिवशी कपलिंग सुटलं आणि शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराच्या पायावर आलं. "लंगडत यायचा कामावर. त्याची एक चप्पल दर दोन महिन्यांनी झिजायची. मी ती बघत बसायचो. तेव्हापासून सवय लागली," ते म्हणाले. "तुम्ही पण बघत बसाल. बसा. पण चौकट मोठी करायला घाबरू नका."

हा चौथा किस्सा. आधीच्या तिन्हींशी तो कुठेच जुळत नव्हता. खाली आल्यावर मी डायरीचं मागचं पान उघडलं, पेन हातात घेतलं आणि न लिहिताच डायरी मिटून ठेवली. तो किस्सा खरा होता, की समोर बसलेल्या बाईला जगता यावं म्हणून त्यांनी त्याच क्षणी रचला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. संशयी स्वभाव असा सुटत नाही. फक्त आता मला वाटतं, रचला असेल तर जास्तच चांगला माणूस होता.

पुढच्या वर्षी ते खोली सोडून गेले. कुणी म्हणतं मासवणकडे, कुणी म्हणतं मुलीकडे गुजरातला. वर आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सुरमईचा कणा त्यांनी खिडकीलाच ठेवला होता, तो कावळ्यांनी दोन दिवसांत संपवला.

मी अजून चौकट लहानच ठेवते. तेच बरोबर आहे. पण म्हाताऱ्या माणसाची कंबर आली, की बटण फिरवण्याआधी मानेपासून खालपर्यंत बोट फिरवते आणि विचारते, संध्याकाळी ताप येतो का हो? काहीही वेगळं लागलं, तर डॉक्टरांना फोन करून वरचाही फोटो मागून घेते. नवे डॉक्टर वैतागतात. माझ्याकडे संशयाने बघतात, ते मला कळतं.

दर रविवारी मी माकुणसारला जाते. दादा काठी घेऊन वाडीत फिरतात, आता पाटाचं पाणी भाऊ वळवतो. गेल्या रविवारी दादा जेवायला आत बसले होते, म्हणून मी ओट्यावर आले आणि आसपास कुणी नाही बघून त्यांच्या चपला उलट्या केल्या. दिवाळीला घेतलेली जोडी. उजवीची नक्षी पूर्ण शाबूत होती. डावीचं पुढचं टोक गुळगुळीत झालं होतं.

"काय शोधतेस गो बाय?" दादा काठी टेकत दारात उभे होते.

"काय नाय, दादा. खडा अडकलेला."

त्यांनी माझ्या हातातल्या चपलेकडे बघितलं.

"त्यानं पन अशीच बगितलेली," ते म्हणाले. "आन मी तुला सांगायला पायजे होतं तापाचं. तुजी काय चूक नाय त्याच्यात."

मी चप्पल सरळ करून त्यांच्या डाव्या पायापुढे ठेवली.